कल्पिता मढवीचं पान तीन

कल्पिता मढवी हिच्याबद्दल सुधीर आगाशे यांना खात्रीने सांगता येईल असं जे काही आहे, ते एका पोस्टकार्डावर मावेल आणि वर पत्त्याला जागा उरेल. ती शीळफाट्याच्या आतल्या एका गावातली, आगरी घरातली. वडिलांच्या दोन टेम्पो ट्रॅव्हलर. घरात आवडाबाई नावाची आजी, जिच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे, कल्पिता सोडून. ती डावखुरी होती. चहात साखर घेत नसे. तिच्या मैत्रिणी कोण, तिला भीती कशाची वाटे, घरी रागावली की ती काय करे, यातलं काहीच त्यांना ठाऊक नाही. ओळख जेमतेम दीड वर्षाची, तीही प्रुफांपुरती. तेव्हा इथे जे येईल ते एकाच बाजूने दिसलेलं आहे, आणि ती बाजू ठाण्यात नौपाड्यातल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या जेवणाच्या टेबलाची आहे.

सुधीरराव चौतीस वर्षं नौपाड्यातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापायला जाण्याआधी मजकूर वाचायचा, चुका लाल शाईने दाखवायच्या, हे त्यांचं काम. खिळे जुळवण्याचे दिवस त्यांनी पाहिले, ऑफसेट पाहिलं, कॉम्प्युटर आला तोही पाहिला. जुने मालक गेले, त्यांचा मुलगा केदार गादीवर बसला, सुधीरराव निवृत्त झाले; पण प्रुफं त्यांच्या घरी येतच राहिली. मुंजीच्या पत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, एखाद-दुसरा दिवाळी अंक. केदार सगळं मोबाइलवर पाठवायला तयार होता, पण सुधीररावांना कागद लागे.

उत्तर कोकण विद्यापीठाचं एक उपकेंद्र कल्याण-शीळ रस्त्यापासून आत आहे. तिथे पत्रकारितेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो. विद्यार्थी दर दोन महिन्यांनी आठ पानांचा अंक काढत, 'खाडीवारा' नावाचा. बातम्या त्यांच्या, संपादन त्यांचं, मांडणी त्यांची. छपाई विद्यापीठाच्या खर्चाने. छपाईचं काम केदारकडे आलं आणि प्रुफं सुधीररावांच्या टेबलावर आली.

प्रूफ परत न्यायला बहुतेक वेळा कुणी ना कुणी यायचं, दारातूनच पाकीट घ्यायचं आणि जायचं. कल्पिता पहिल्यांदा आली तेव्हा आत आली, बसली, आणि एकेका लाल खुणेवर बोट ठेवून विचारायला लागली.

"हे का कापलंत, काका?"

"'मान्यवरांच्या शुभहस्ते' लिहिलं होतंस. हात शुभ आहे की नाही हे वार्ताहराने कशाला ठरवायचं? हस्ते पुरे."

"हे आमच्या डायरेक्टरांना सांगू का? त्यांचेच हात आहेत ते."

"नको, नको," सुधीरराव घाईघाईने म्हणाले.

सुधीररावांच्या पत्नी चित्राकाकू स्वयंपाकघरातून हसल्या. ती गेल्यावर म्हणाल्या, "ही पोरगी बरी आहे. तासाभरात तुम्ही जेवढं बोललात तेवढं माझ्याशी गणपतीपासून बोलला नाहीत."

पुढे दर अंकाला ती येत राहिली. सोबत कधी देवेश असे. तो अंकाची पानं लावायचा, डोंबिवलीहून बाइकवर यायचा आणि सुधीररावांपुढे उगाच अवघडून बसायचा. कल्पिताजवळ एक लांबट वही होती. उपकेंद्रात तिला कुणीही काहीही सांगितलं की ती त्यात तारीख, वेळ आणि वाक्य उतरवून घेई. सुधीररावांना आधी ती अभ्यासाची वही वाटली. देवेशने खरा प्रकार सांगितला.

झालं होतं असं. ग्रंथालय संध्याकाळी सहाऐवजी चारला बंद व्हायला लागलं आणि कल्पिताने त्याची बातमी केली. उपकेंद्राच्या संचालकांनी तिला दालनात बोलावून सांगितलं, असल्या बातम्या आपल्या अंकात नकोत. ती म्हणाली, "लेखी द्या ना, सर." संचालक म्हणाले, लेखी कशाला, घरचीच गोष्ट आहे. त्याच संध्याकाळी तिने त्यांना ईमेल केलं. 'आज दुपारी सव्वातीन वाजता आपण मला ग्रंथालयाची बातमी छापू नये असे सांगितलेत. माझ्या समजण्यात चूक झाली असल्यास कळवावे. चूक नसल्यास, बातमी का नाही हे वाचकांना सांगण्यासाठी आपले हे म्हणणे अंकात छापेन.' दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'असे काही सांगण्यात आलेले नाही.' मग बातमी छापली गेली. ग्रंथालय मात्र चारलाच बंद होत राहिलं.

"काका, हिच्याशी पंगा घेणारा ना, फॉर्म भरून भरूनच थकतो," देवेश म्हणाला.

"ए, तू तुझी पानं लाव," कल्पिता म्हणाली.

"लावतो ना, मॅडम. लेखी द्या फक्त."

सुधीररावांना या प्रकाराचं काय वाटलं ते सांगणं अवघड आहे. त्यांचं सगळं आयुष्य तोंडी सूचनांवर गेलं. मालक म्हणाले हे असं करा, की ते तसं करायचं. हा धीटपणा म्हणायचा की हट्टीपणा, यावर त्यांचं मन कधीच ठरलं नाही.

जानेवारीत वसतिगृहाची बातमी आली. मुलींसाठी शहाण्णव खाटांचं वसतिगृह उपकेंद्राच्या आवारात बांधून तयार होतं. उद्घाटन होऊन दीड वर्ष झालं होतं. राहत एकही मुलगी नव्हती, कारण इमारतीला पाणी नव्हतं. बाहेरगावच्या मुली दिव्याला, म्हणजे दिवा स्टेशनजवळ, पाच-पाच, सहा-सहा जणी मिळून खोल्या घेऊन राहत. तिथेही पाणी एक दिवसाआड, पण कॅन विकत तरी मिळत. कल्पिताने माहितीच्या अधिकारात अर्ज केला होता. उत्तरात विद्यापीठाचीच कागदपत्रं आली. त्यांतून दिसत होतं की पाणीजोडणीचा अर्ज चौदा महिने पडून आहे, कारण त्याला एक नकाशा जोडायचा राहिलाय आणि तो जोडा असं सांगणाऱ्या तीन पत्रांना उपकेंद्राने उत्तर दिलेलं नाही. बातमी पान तीनवर होती, अर्धं पान. सोबत कुलपाचा फोटो.

सुधीररावांनी ती तीनदा वाचली. आकडे उत्तराच्या झेरॉक्सशी ताडून पाहिले. विशेषणं शोधली, सापडली नाहीत. मग त्यांनी जरा चाचरत विचारलं, "तू स्वतः तर घरून येतेस. मग ही बातमी तू का लिहिलीस?"

"म्हणूनच मी लिहिली. दिव्याच्या मुलींनी लिहिलं तर उद्या वसतिगृह उघडल्यावर त्यांचीच नावं यादीत खाली जातील. माझं काय जाणार? मला खोली नकोच आहे."

"आणि ती जमीन? उपकेंद्राला तुमच्या गावची जमीन गेली ना?"

"गेली. नाथाआजोबांची पण गेली. माझ्या आजोबांची."

"मग ते लिहायला हवं. बातमीच्या खाली. नाहीतर उद्या कुणी म्हणेल, हिला आपलं उट्टं काढायचंय."

कल्पिताला ते पटलेलं नव्हतं, हे उघड दिसत होतं. "जमिनीचा आणि पाण्याचा काय संबंध?" असं ती पुटपुटलीसुद्धा. पण मग तिने पेन घेऊन समासात एक ओळ लिहिली: 'या बातमीच्या लेखिकेच्या कुटुंबाची जमीन उपकेंद्रासाठी संपादित झालेली आहे.' सुधीररावांनी ती वाचून मान डोलावली.

आता चूक सांगायला हवी.

छापखान्यात एक जुनी रीत आहे. अखेरचं प्रूफ ज्याचं काम असेल त्याच्याकडे जातं, तो त्यावर 'छापावे' असं लिहून सही करतो, आणि ती सही आल्याशिवाय काही मशीनवर चढत नाही. सुधीररावांनी ही रीत चौतीस वर्षांत एकदाच मोडली होती. एका मंडळाच्या स्मरणिकेत खजिनदाराच्या नावाखाली भलत्याच माणसाचा फोटो गेला होता आणि मालकांनी त्यांना सगळ्यांदेखत फैलावर घेतलं होतं. त्यानंतर कधीच नाही. 'खाडीवारा'च्या अखेरच्या प्रुफावर दरवेळी विभागप्रमुख देवयानी मॅडम सही करत. या वेळी मॅडम आईच्या ऑपरेशनसाठी सांगलीला गेल्या होत्या. त्यांनी केदारला फोन करून सांगितलं होतं, पोरं बघतील. त्याप्रमाणे प्रुफावर कल्पिताची सही होती. पण कार्यादेश, म्हणजे छपाई करा असं सांगणारं विद्यापीठाचं पत्र, संचालकांच्या नावाने होतं. सुधीररावांनी ते पत्र पाहिलं आणि केदारला फोन केला.

"पोरांची सही चालायची नाही. ऑफिसला पाठव, संचालकांची घे."

"काका, मॅडम म्हणाल्यात चालेल."

"तोंडी म्हणाल्या ना? कागदावर नाव कुणाचं आहे?"

केदारने पानं साडेअकराला पाठवली. सुधीररावांच्या मनात वावगं काही नव्हतं. खरं तर त्यांच्या मनात काहीच नव्हतं. नेहमी होतं तेच त्यांना व्हायला हवं होतं. एक वाजता उपकेंद्रातून छापखान्यात फोन आला, अंक थांबवा.

चार दिवसांनी कल्पिताला नोटीस मिळाली. आरोप दोन. विद्यापीठाला अंधारात ठेवून मजकूर परस्पर छपाईस दिला, आणि विद्यापीठाची प्रतिमा मलीन केली. सात दिवसांनी शिस्त समितीपुढे हजर राहायचं. खुलासा समाधानकारक नसेल तर शेवटच्या सत्राचे प्रात्यक्षिकाचे गुण राखून ठेवू. गुण राखले की निकाल नाही, निकाल नाही तर पदवी नाही. दोन वर्षं पाण्यात. तोंडी असंही सांगण्यात आलं की दोन ओळींचा माफीनामा दिलास तर सगळं इथेच मिटेल.

ती नौपाड्याला आली. चित्राकाकूंनी पुढे केलेल्या खुर्चीत बसली आणि सरळ विचारलं.

"काका, ऑफिसला पानं कुणी पाठवली?"

"मी. म्हणजे केदारने, पण मी सांगितलं म्हणून."

"का?"

"सहीसाठी. मॅडम नव्हत्या. मग ज्यांच्या नावाने कार्यादेश, त्यांची सही..."

सुधीररावांना वाटलं आता ती बोलेल. तिने बोलायला हवं होतं. पण ती म्हणाली, "मला वाटलं देवेशने फोडलं. तीन दिवस त्याच्याशी बोलले नाही. एवढा भडकला असेल ना तो माझ्यावर! आता सॉरी म्हणावं लागणार."

"मला हे आधी सुचायला हवं होतं," सुधीरराव म्हणाले.

"तुम्हाला कसं सुचेल? तुम्हाला गिऱ्हाईकाची सवय आहे."

"गिऱ्हाईकच ना ते? काम त्यांचं, खर्च त्यांचा. मग शब्द शेवटी त्यांचाच राहणार, असं आपलं मला वाटतं."

"नाही ना, काका." ती पुढे सरकली. "सोनाराच्या जाहिरातीत सोनाराचा शब्द शेवटचा. बरोबर. पण विद्यापीठ कुणाचं दुकान नाहीये. सरकारी आहे. सरकार मला म्हणतंय, हे खरं आहे पण लिहू नकोस. सरकारला असं म्हणता येत नाही. घटनेत आहे ते. मग मी त्यांच्या वर्गात बसते म्हणून ते संपतं का?"

"ते मला नाही कळत. तुझं बरोबर असेल."

"मलाही सगळं नाही कळत," ती म्हणाली. "ते म्हणणार, हा शिकवायचा अंक आहे, आम्ही ठरवू काय छापायचं. त्यात थोडं तथ्य असेलही. नका छापू. पण लिहिलं म्हणून शिक्षा? न छापलेल्या बातमीची?"

मग तिने नोटीस टेबलावर पसरली आणि पहिल्या आरोपावर बोट ठेवलं. बराच वेळ ती त्याकडे बघत राहिली.

"काका, छापायच्या आधी पानं त्यांच्या हातात होती ना?"

"हो. साडेअकरापासून."

"म्हणजे परस्पर काही झालंच नाही. उलट आपणच दाखवलं." ती हसायला लागली. "तुम्ही पाठवलीत म्हणून पकडले गेले, आणि तुम्ही पाठवलीत म्हणूनच सुटू शकते. हे लेखी द्याल?"

सुधीरराव म्हणाले, "बघतो."

त्या 'बघतो'मध्ये पाच दिवस गेले. त्यांनी आयुष्यात स्वतःच्या नावाने फारसं काही लिहिलं नव्हतं. बँकेला, सोसायटीला, एकदा गॅस कंपनीला. शिवाय केदारचा विचार होता. विद्यापीठाचं वर्षाचं काम छापखान्याकडे होतं. त्यांनी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "काम जाईल, काका. पण नका लिहू असं मी म्हणणार नाही. फक्त छापखान्याच्या लेटरहेडवर नको." यावर रागवावं की आभार मानावेत, हे सुधीररावांना कळलं नाही.

सोमवारी सकाळी चित्राकाकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "समिती उद्या आहे ना?"

"हो."

"मग?"

"काय लिहावं ते सुचत नाही. शब्द चुकीचा गेला तर तिलाच त्रास."

"अहो, चौतीस वर्षं लोकांच्या चुका काढल्यात. आता एक स्वतःची लिहा. त्याला काय सुचायचंय?"

त्यांनी लिहायला घेतलं. पहिला मसुदा दोन पानी झाला. त्यात छापखान्याचा इतिहासही आला होता. त्यावर त्यांनी लाल पेन चालवलं. दुसरा एक पान झाला. चौथ्याला सहा ओळी उरल्या. 'शुक्रवारी सकाळी साडेअकरा वाजता 'खाडीवारा'ची सर्व पाने संचालकांच्या कार्यालयात मंजुरीसाठी पाठवण्यात आली. ती माझ्या सांगण्यावरून पाठवली गेली. तोपर्यंत छपाई सुरू झालेली नव्हती व पुढेही झाली नाही. पान तीनवरील बातमी मी मुद्रितशोधक म्हणून विद्यापीठाच्या कागदपत्रांशी पडताळली होती. तीत मला चूक आढळली नाही. आढळली असती तर मी ती दुरुस्त केली असती.' खाली सही, पत्ता.

पत्र पोस्टाने वेळेत पोहोचणार नव्हतं, म्हणून मंगळवारी ते स्वतःच गेले. संचालकांच्या दालनाबाहेरच्या बाकावर एक म्हातारी बाई नऊवारी नेसून बसली होती. शेजारी स्टीलचा डबा. तिने सुधीररावांकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तुमीच का ते, पाना धारलेले?"

सुधीरराव म्हणाले, "हो. पानं मीच पाठवली."

"मी आवडाबाई. तिची आजी." तिने त्यांना बसायला जागा केली. "आमचे जाग्यावर हापिस बांधला, नि आमचेच पोरीला नोटीस. माफी लिव म्हनतात. मी बोलले, लिव बाय, दोन वली लिव नि सुट. तं मना म्हनते, आजी, माफी कसली लिवाची ते पयले इचार त्यांना."

"मग विचारलं?"

"मी कशाला इचारू? ती आत तेच करतेय."

आत संचालक होते, विद्यापीठाच्या विधी विभागातले एक गृहस्थ होते, आणि देवयानी मॅडम होत्या. सुधीररावांना बोलावलं तेव्हा कल्पिता वही उघडून बसलेली होती. संचालकांनी पत्र वाचलं, विधी विभागातल्या गृहस्थांकडे सरकवलं आणि म्हणाले, "आगाशेसाहेब, तुम्ही ज्येष्ठ आहात. पोरांच्या भानगडीत कशाला पडता?"

"मी पडलेलोच होतो," सुधीरराव म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की त्यांना ते पुन्हा म्हणावं लागलं.

विधी विभागातल्या गृहस्थांनी पत्र दोनदा वाचलं. पहिल्या आरोपाबद्दल त्यानंतर कुणी बोललं नाही. संचालक दुसऱ्याकडे वळले.

"प्रतिमेचं काय? मढवी, स्पष्ट बोलू का? तुमच्या घरची जमीन गेली त्याचा राग आहे हा. बातमी बिमी काही नाही."

"शेवटची ओळ वाचा, सर," कल्पिता म्हणाली.

"कुठली?"

"बातमीची. पान तीन, तिसरा कॉलम, सगळ्यात खाली."

संचालकांनी पान शोधलं, वाचलं, आणि ते पान उलटं करून ठेवलं. कल्पिताने सुधीररावांकडे पाहिलं नाही. तिने वहीत काहीतरी लिहिलं.

"बातमीतलं कुठलं वाक्य खोटं आहे, तेवढं सांगा, सर. मी ते वाक्य मागे घेते, माफीसकट."

"वाक्याचा प्रश्न नाही. भावनेचा आहे."

"मग भावना खोटी आहे असं लेखी द्या. तीही मागे घेते."

विधी विभागातले गृहस्थ खोकले. ते हसू दाबत होते की खरंच खोकला आला होता, हे सुधीररावांना ठरवता आलं नाही. देवयानी मॅडम सगळा वेळ समोरच्या कागदाकडे बघत होत्या. बाहेर पडताना त्या सुधीररावांना व्हरांड्यात गाठून हळूच म्हणाल्या, "मी असते तर सही केली असती हो." मॅडमची नोकरी दर अकरा महिन्यांनी नव्याने मिळणारी होती. त्यांनी सही केली असती का, कुणास ठाऊक. पण हे सांगावंसं त्यांना वाटलं, एवढं खरं.

समितीने लेखी निर्णय दिलाच नाही. शिक्षा झाली असंही कुणी म्हटलं नाही, सुटली असंही नाही. अंक पंधरा दिवसांनी निघाला. पान तीनवर वृक्षारोपण आणि क्रीडा महोत्सव होता. केदारकडचं विद्यापीठाचं काम मार्चनंतर आलं नाही. त्याने ते सुधीररावांना बोलून दाखवलं नाही, आणि न बोलण्यामुळेच ते त्यांना अधिक लागलं.

कल्पिता, देवेश आणि आणखी चौघांनी मूळ पान तीन दिव्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात काढून आणलं. वरचं 'खाडीवारा' हे नाव आणि विद्यापीठाचं चिन्ह त्यांनी झाकलं होतं, खाली स्वतःची सहा नावं आणि फोन नंबर टाकले होते. फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी ते वाटलं. सुरक्षारक्षकाने हटकलं तेव्हा कल्पिता म्हणाली, "दादा, हा रस्ता कुणाचा?" तो म्हणाला, "पीडब्ल्यूडीचा." "मग झालं तर." त्यानेही एक पान घेतलं म्हणे. हे सगळं देवेशने सांगितलेलं; तिखटमीठ किती, ते त्यालाच ठाऊक.

जुलैत निकाल लागले. कल्पिताच्या नावापुढे 'राखीव' होतं. कारण दिलेलं नव्हतं. तिने दर सोमवारी एक ईमेल पाठवायला सुरुवात केली. माझा निकाल कोणत्या निर्णयाने राखून ठेवला आहे, त्या निर्णयाची प्रत मिळावी. तोच मजकूर, फक्त तारीख वेगळी. नाशिकच्या एका बातम्यांच्या संकेतस्थळाने तिला घ्यायचं कबूल केलं होतं. ते गुणपत्रिकेसाठी थांबले होते, पण किती थांबतील याचा नेम नव्हता. ऑगस्टमध्ये ती एकदा सुधीररावांकडे आली ती त्यांच्या पत्राची आणखी एक प्रत सही करून न्यायला. त्या दिवशी ती फार बोलली नाही. काकूंनी केलेलं थालीपीठ अर्धं टाकलं. जाताना म्हणाली, "दोन ओळीच होत्या, काका. आजी रोज म्हणते." सुधीररावांना काहीतरी म्हणायला हवं होतं. तिने ती दोन ओळींची गोष्ट केली असती तर त्यांनी तिला दोष दिला नसता, हेही त्यांनी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नव्हतं, ते त्यांना अजून कळत नाही.

तिने माफीनामा लिहिला नाही. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, अकरा की बारा ईमेलांनंतर, निकाल एका सकाळी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आपोआप दिसायला लागला. पास, प्रथम श्रेणी. खुलासा नाही, पत्र नाही. वसतिगृहाचं कुलूप दिवाळीनंतर निघालं. नकाशा जोडला गेला होता. तो बातमीमुळे जोडला गेला की त्याची वेळ आली होती म्हणून, याबद्दल सुधीररावांनी कुणाला कधी काही ठामपणे सांगितलेलं नाही.

नोव्हेंबरात, नाशिकला जाण्याच्या आदल्या दिवशी, ती संध्याकाळी नौपाड्यात आली. गुणपत्रिका दाखवली. सुधीररावांनी ती सवयीने वरपासून खालपर्यंत वाचली. नाव, आईचं नाव, आसन क्रमांक. सगळं बरोबर होतं. काकूंनी हातावर साखर ठेवली, ती तिने खाल्ली. नाशिकला कुठे राहणार, जेवणाचं काय, असं काकूंनी बरंच विचारलं. मैत्रिणीची मावशी आहे पंचवटीत, तिच्याकडे महिनाभर, मग बघू. देवेशला ठाण्यात एका जाहिरात कंपनीत काम मिळालं होतं. आजीने जाऊ नको म्हणून दोन दिवस अबोला धरला होता आणि तिसऱ्या दिवशी सुक्या बोंबलांचा डबा भरून दिला होता. 'खाडीवारा' या वर्षी निघाला नव्हता. त्यावर थोडं बोलणं झालं आणि थांबलं.

साडेसहा झाले तशी ती उठली. सुधीरराव जिन्यापर्यंत आले.

"कशी जाणार?" त्यांनी विचारलं.

"बसने शीळफाट्यापर्यंत. मग भाऊ येतो बाइक घेऊन."

"आत्ता मुंब्र्याला ट्रॅफिक असेल."

"असतंच हो, काका. बसायला मिळालं की झालं."

"बरं. पोचलीस की काकूला फोन कर."

"करते. तुम्ही जा आत."